आत्याचा करारनामा मी लिहिला होता

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. आत्याला विचारून लिहितोय. तिचं, त्या काकांचं आणि गावाचं नाव देणार नाही. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, एवढं पुरे. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, पण त्यांनी खाली नावं लिहू नयेत ही विनंती.

आमच्या कोर्टासमोर लिंबाच्या झाडाखाली स्टॅम्प व्हेंडर आणि टायपिंगवाल्यांची रांग आहे. त्यातल्या एकाच्या कॉम्प्युटरवर हल्ली 'लिव्ह इन रिलेशनशिप करारनामा' नावाची फाईल तयार असते. साठेखत, भाडेकरार, संमतीपत्र यांच्या शेजारीच. नावं, वयं, आधार नंबर बदलायचे की झालं. पळून आलेली पोरंपोरी येतात, पोलीस ठाण्यात दाखवायला कागद हवा म्हणून करून घेतात. घरमालक मागतो म्हणून करतात. पूर्वी शंभराच्या स्टॅम्पवर व्हायचं, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशे मोजावे लागतात. वर टायपिंग आणि नोटरीचे वेगळे.

मी वीस वर्षं या रांगेतून ये-जा करतोय. कोर्टाच्या बातम्या इथेच चहा पिताना मिळतात. पण या कागदाकडे मी नीट कधी पाहिलं नाही. पाहिलं ते यंदा, कारण तसला एक कागद मी स्वतः लिहिला होता. आत्यासाठी.

आत्याचे मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. २००९ ला गेले. एक मुलगी, ती लग्न होऊन नाशिकला. आत्याला फॅमिली पेन्शन सुरू झाली आणि त्यावर तिचं ठीक चाललं होतं. ज्यांच्या घरी फॅमिली पेन्शन आहे त्यांना माहीत असेल, नोव्हेंबर महिन्यात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत असं लिहून द्यायचं. विधवा बाई असेल तर आणखी एका ओळीखाली सही लागते : मी पुनर्विवाह केलेला नाही.

या रांगेतच २०१७ साली तिची काकांशी ओळख झाली. काका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. त्यांची मंडळी तीन वर्षांपूर्वी गेलेली. दोन मुलगे, थोरला चाकणला कंपनीत, धाकट्याचं गावातच मोबाईलचं दुकान, पण तो बायकोपोरांसह वेगळा राहायचा. काकांनी फंडाच्या पैशात गावाबाहेर दोन गुंठ्यांवर घर बांधलं होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे शेवगा. एकटा माणूस, हाताने चपात्या करायचा.

पुढचं काय सांगायचं. दोन म्हातारी माणसं एकमेकांना आवडली. आत्या तेव्हा अठ्ठावन्नची, काका त्रेसष्टचे. आत्याने मला फोन करून सांगितलं ते असं : "दादा, मला आता एकटीला जेवण जात नाही रे." मी समजायचं ते समजलो.

लग्न का केलं नाही, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. उत्तर सोपं आहे. लग्न केलं की पेन्शन बंद होईल, ही भीती. राज्य सरकारचे पेन्शनचे नियम १९८२ चे आहेत, आणि त्या मूळ नियमांत विधवेला फॅमिली पेन्शन होती ती मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. काकांची पेन्शन किती? प्रॉव्हिडंट फंडाची, दोन-अडीच हजार. एसटीच्या कंडक्टरला सरकारी पेन्शन नसते हे अनेकांना माहीतच नसतं. म्हणजे घर काकांचं आणि महिन्याचा पगार म्हणाल तर आत्याचा. पेन्शन गेली असती तर दोघं त्या अडीच हजारावर आली असती.

हे एकट्या आत्याचं नाही. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठांसाठी लिव्ह-इनचं मंडळ काढलं, तेव्हा पेपरांनी त्याची गंमत म्हणून बातमी केली. आम्हीही केली होती, मथळ्यात 'आजी-आजोबांचा रोमान्स' असं काहीतरी घातलं होतं. आज लाज वाटते. पेन्शन, मुलांची मालमत्तेची भीती आणि एकटेपणा या तीन गोष्टींची बेरीज केली की त्या मंडळाची गरज कळते.

तर आत्याने काकांकडे राहायला जायचं ठरवलं. लोक बोलणार हे धरलेलंच होतं. नाशिकची बहीण आधी चिडली, मग रडली, मग म्हणाली, "जे करशील ते कागदावर कर." काकांच्या धाकट्या मुलाचंही तेच म्हणणं. आणि कागद कोण करणार? घरातला शिकलेला माणूस, पत्रकार, ज्याची कोर्टात ऊठबस. म्हणजे मी.

माझं कायद्याचं शिक्षण सांगतो. पत्रकारितेच्या डिप्लोमाला कायद्याचा एक पेपर होता. त्यात बदनामी आणि कोर्टाचा अवमान शिकवला. एवढ्या भांडवलावर मी एका संध्याकाळी भाडेकराराचा नमुना समोर ठेवून करारनामा लिहिला. जून २०१८, शंभराचा स्टॅम्प, दोन साक्षीदार, नोटरी. पाच कलमं होती :

१) आम्ही दोघे सज्ञान असून स्वखुशीने एकत्र राहत आहोत.
२) आमच्यात विवाह झालेला नाही, होणार नाही, व आमचे नाते पती-पत्नीचे नाही.
३) घरखर्च दोघांनी निम्मा-निम्मा करावयाचा आहे.
४) कोणीही दुसऱ्याच्या स्थावर-जंगम मिळकतीवर, पेन्शन वा फंडावर कोणत्याही प्रकारे हक्क सांगणार नाही.
५) कोणास वेगळे व्हावयाचे असल्यास एक महिना आधी सांगावे.

दुसरं कलम पेन्शनसाठी. उद्या कोणी अर्ज केला की बाईने लग्न केलंय, तर हा कागद दाखवता येईल. चौथं कलम काकांच्या मुलांसाठी, आणि खरं सांगायचं तर लोकांच्या तोंडासाठी. 'घरासाठी गेली' असं आत्याला कोणी म्हणू नये म्हणून. ते कलम वाचून दाखवल्यावर धाकट्याचा चेहरा मोकळा झाला. काका मात्र म्हणाले, "एवढं कशाला लिवताय?" मी म्हणालो, "काका, कागद कडक असलेला बरा."

साडेसहा वर्षं दोघं चांगली राहिली. काका पहाटे उठून पाणी भरायचे, आत्या भजनाला जायची. आधी लोक कुजबुजले, मग सवय झाली. काकांची नातवंडं सुट्टीत यायची, आत्याला 'शेवग्याची आजी' म्हणायची. २०२२ च्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराचे पत्रे काढून स्लॅब टाकला. त्याला आत्याने आपली एफडी मोडून एक लाख चाळीस हजार दिले. सेंट्रिंगवाल्याला रोख. पावती काकांच्या नावाची, कारण घर काकांचं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये काकांना रात्री छातीत दुखायला लागलं. आत्याने रिक्षा करून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे फॉर्मवर रुग्णाशी नातं लिहायची जागा होती. आत्याने ती रिकामी सोडली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजी, नातं लिहा." ती म्हणाली, "शेजारी राहते." ऑपरेशनच्या संमतीसाठी सही मुलाचीच हवी असं सांगितलं. धाकटा पंढरपूरला गेलेला, फोन लागेना. मी दीड वाजता पोहोचलो तेव्हा ती आयसीयूबाहेरच्या बाकावर हातात काकांची चप्पल घेऊन बसली होती. धाकटा पहाटे आला, सही झाली, ऑपरेशन झालं. दोन दिवसांनी काका गेले.

उशीर झाला म्हणून गेले असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण त्या रात्री सहा वर्षं एका ताटात जेवलेल्या बाईला तिथे 'शेजारी' व्हावं लागलं, ते माझ्या दुसऱ्या कलमामुळे. तिला वाटलं, दुसरं काही लिहिलं तर पेन्शन जाईल.

तेराव्यानंतर थोरला मुलगा माझ्याकडे आला. भांडायला नव्हे. खरं तर दोन्ही मुलं वाईट नाहीत, हे मला इथे स्पष्ट लिहायचंय. तो म्हणाला, "साहेब, मावशींबद्दल आमच्या मनात काही नाही. त्यांनी बाबांना सांभाळलं. पण आम्हाला घर विकायचंय, माझ्यावर फ्लॅटचं कर्ज आहे. कागद तर तुम्हीच केलाय ना?" आणि त्याने खिशातून झेरॉक्स काढली. चौथ्या कलमाखाली पेनाने रेघ मारलेली होती.

त्या झेरॉक्सकडे बघताना मला पहिल्यांदा दिसलं की त्या कागदात मरणाचं कलमच नव्हतं. भांडण झालं तर काय, ते होतं. खर्चाचं होतं. दोघांची वयं साठीच्या आसपास, आणि एक जण मागे राहणार ही सगळ्यात पक्की गोष्ट मी लिहिलीच नव्हती.

मी आत्याला घेऊन आमच्या कोर्टातल्या एका वकीलताईंकडे गेलो. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, "हे कोणी ड्राफ्ट केलं?" मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत मांडतो, कारण अनेकांच्या उपयोगाचं आहे.

आपल्या देशात लिव्ह-इनसाठी स्वतंत्र कायदा नाही, पण म्हणून ते बेकायदा नाही. सज्ञान माणसं लग्नाशिवाय एकत्र राहू शकतात, हे सुप्रीम कोर्टाने २००६ च्या लता सिंह आणि २०१० च्या खुशबू प्रकरणात सांगितलं. २०१८ मध्ये केरळच्या नंदकुमार प्रकरणात तर मुलगा लग्नाच्या वयाचा, म्हणजे एकवीसचा, नसला तरी सज्ञान जोडपं एकत्र राहू शकतं असं म्हटलं. म्हणजे पळून आलेल्या पोरांना एकत्र राहायचा हक्क त्या पाचशेच्या कागदाने मिळत नाही. तो आधीच आहे.

मग कागदाने काय मिळतं? पैशांचा हिशेब, भाडं, सामान कोणाचं, अशा व्यवहाराच्या गोष्टी लिहिल्या तर पुरावा म्हणून उपयोग होतो. पण करार कायद्याचं, १८७२ चं, कलम २३ असं सांगतं की ज्या कराराचा हेतू किंवा मोबदला कायद्याविरुद्ध, अनैतिक किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे तो रद्दबातल. त्यामुळे असा कागद कोर्टात कितपत टिकेल हे त्यात काय लिहिलंय आणि समोर कोण आहे यावर अवलंबून. आणि 'मी कधीच तक्रार करणार नाही, कोर्टात जाणार नाही' असं कोणाकडून लिहून घेतलं तर ते कलम २८ मध्ये अडकतं. कायद्याचं दार असं सहीने बंद करता येत नाही.

मुंबईतली २०२४ ची बातमी आठवत असेल. बलात्काराच्या तक्रारीत एका माणसाने सात कलमांचा लिव्ह-इन करार कोर्टात दाखवला आणि त्याला अटकपूर्व जामीन मिळाला. त्या बाईचं म्हणणं, ही सही माझी नाहीच. व्हॉट्सॲपवर आपण सगळ्यांनी हसून ती बातमी पुढे पाठवली, 'आता प्रेमालाही स्टॅम्प' वगैरे. पण तो जामीन होता, निकाल नव्हता. आणि सही कोणाची, कागद कोणाच्या सोयीचा, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गुजरातमध्ये पूर्वी 'मैत्री करार' चालायचे. लग्न झालेला पुरुष दुसऱ्या बाईबरोबर असा करार करायचा, कारण हिंदू विवाह कायद्याने १९५५ पासून दुसरं लग्न बंद केलेलं. नावात मैत्री, पण त्या बाईच्या हातात पडायचा तो नुसता कागद.

बाईला खरा आधार मिळाला तो २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने. त्यात 'लग्नासारखं नातं' हे शब्द आले. बायको नसली तरी लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईला संरक्षण, खर्च आणि राहत्या घरातून हुसकावून न लावण्याचा हक्क मागता येतो. लग्नासारखं म्हणजे काय, ते वेलुसामी प्रकरणात २०१० मध्ये कोर्टाने सांगितलं. दोघं लग्न करायला पात्र हवीत, लोकांसमोर जोडपं म्हणून वावरलेली हवीत आणि बराच काळ स्वखुशीने एकत्र राहिलेली हवीत. २०१३ मध्ये इंद्रा सरमा प्रकरणात त्या बाईला काही मिळालं नाही, कारण पुरुष विवाहित होता आणि तिला ते माहीत होतं. पण त्याच निकालात कोर्टाने संसदेला सांगितलं की अशा बायकांसाठी कायदा करा. बारा वर्षं झाली.

आपल्याकडेही प्रयत्न झाला होता, हे मला वकीलताईंकडूनच कळलं. २०२४ पर्यंत फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली बायकोला पोटगी मिळायची. 'पत्नी' या शब्दात बराच काळ पत्नीसारखी राहिलेली बाईही धरावी, अशी शिफारस मळीमठ समितीने २००३ मध्ये केली होती. २००८ मध्ये महाराष्ट्र सरकारने तसा बदल करायचं ठरवलं, खूप चर्चा झाली, पुढे ते बारगळलं. मी तेव्हा डेस्कवर होतो. ती बातमी मीच लावली असेल. आठवतही नाही.

हे सगळं ऐकून मला हुरूप आला. म्हणालो, "ताई, मग आमचं बसतंय की! दोघं विधुर-विधवा, लग्नाला पात्र, साडेसहा वर्षं, सगळं गाव साक्षीला." वकीलताईंनी कागद माझ्याकडे सरकवला आणि दुसऱ्या कलमावर बोट ठेवलं. आमचे नाते पती-पत्नीचे नाही. "समोरचा वकील पहिल्या तारखेला हेच वाचणार. त्यावर आपण उत्तर देऊ, कागदापेक्षा वागणं महत्त्वाचं असं म्हणू. काका गेलेत, समोर मुलं आहेत, तोही मुद्दा निघेल. लढता येईल. पण वेळ लागेल, आणि काकूंना कोर्टात उभं राहून शपथेवर सांगावं लागेल की आम्ही नवरा-बायकोसारखे राहत होतो."

आत्या इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मी दर नोव्हेंबरला सही करते, लग्न केलं नाही म्हणून. आता कोर्टात जाऊन लग्नासारखं होतं म्हणू? मग ते खरं का हे खरं?"

वकीलताईंनी सांगितलं की दोन्ही खरं असू शकतं. सही आहे ती पुनर्विवाहाबद्दल, आणि लग्नासारखं राहणं म्हणजे लग्न नव्हे. कायद्यात बसतं. पण आत्याच्या मनात ते बसेना. आणि आमच्यासारख्या गावात कोणी एक निनावी अर्ज टाकला, पेन्शन सहा महिने चौकशीत अडकली, तर ती खाणार काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आत्या कोर्टात गेली नाही. मी मुलांशी बोललो. थोरल्याने स्लॅबच्या पैशातले एक लाख परत दिले. पावती नव्हती, त्याने द्यायलाच हवे होते असं नाही. दिले. चाळीस हजार मी मागितले नाहीत. मे महिन्यात आत्याने घर सोडलं. भांडीकुंडी तिचीच होती. काकांची म्हणून एकच वस्तू मागून घेतली, जुना तिकिटं पंच करायचा चिमटा. मशीन आल्यापासून तो बंदच होता. आता ती माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत राहते. घरमालकाने भाडेकरार मागितला. या वेळी तो मी लिहिला नाही.

मित्रांनो, हे सगळं सांगण्याचं कारण, गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे अशी दोन जोडपी आली. एक साठीतलं, एक तिशीतलं. 'तुम्हाला माहिती आहे म्हणे, कागद करून द्या.' मी दोघांनाही वकिलाकडे पाठवलं. पण जाता जाता जे सांगितलं ते इथे लिहितो.

घर जोडीदाराला मिळावं असं वाटत असेल तर करारनाम्याच्या भरवशावर राहू नका, मृत्युपत्र करा. स्वतः कमावलेली मिळकत माणूस मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो. त्याला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. घर मुलांनाच द्यायचं असेल तरी 'हिला हयातभर इथे राहू द्यावे, नंतर घर मुलांचे' असं लिहिता येतं. काकांनी ही एक ओळ लिहिली असती तर मुलांचंही घर गेलं नसतं आणि आत्याचंही. काकांनी ती लिहिली असती, मला खात्री आहे. त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगायचं काम माझं होतं.

बँकेत नॉमिनी लावलं म्हणजे काम झालं असं समजू नका. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक होतो असं नाही. वारस नंतर मागू शकतात. दुसऱ्याच्या घरात पैसे घालणार असाल तर बँकेतून द्या, रोख नको. दवाखान्यात आधी कोणाला बोलवायचं, कोणाला विचारायचं, हे लिहून सही करून घरात ठेवा, मुलांनाही दाखवा. आणि 'आमचं नातं काहीच नाही' असं लिहू नका. लग्न झालेलं नाही, एवढं खरं लिहा, त्यापुढे जाऊ नका. मी पुढे गेलो.

उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी कायदा लागू झाला आणि लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची झाली. महिन्याभरात नोंदवलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. माहिती पोलीस ठाण्याला जाते, कोणी एकवीसच्या आतलं असेल तर आईबापांना कळवतात. त्याच कायद्यात सोडून दिलेल्या बाईला पोटगी मागता येते, मुलं औरस मानली जातात. यातलं दुसरं मला हवंय, पहिलं नकोय. घरातून पळालेल्या पोरीची माहिती पोलीस ठाण्यामार्फत कुठे पोहोचते, हे तालुक्यातल्या पत्रकाराला सांगायला नको. फ्रान्समध्ये १९९९ पासून जोडप्यांना लग्नाशिवाय करार नोंदवता येतो, ज्यांना हवा ते नोंदवतात, न नोंदवणाऱ्याला कोणी आत टाकत नाही. ही सोय झाली. उत्तराखंडात केली ती हजेरी आहे.

आणि आपल्या आमदार-खासदारांना माझं एवढंच विचारणं आहे. विधवेने लग्न केलं की तिची पेन्शन बंद, असा नियम कोणासाठी? नवरा नोकरी करून गेला, ती पेन्शन त्याच्या नोकरीची आहे. तिने पुढे कोणाबरोबर जेवायचं याच्याशी तिचा काय संबंध? केंद्राने २००६ नंतर मूल नसलेल्या विधवेला उत्पन्नाच्या अटीवर पुनर्विवाहानंतरही पेन्शन चालू ठेवली. म्हणजे नियम बदलता येतो. ही भीती नसती तर आत्या-काकांनी रजिस्टर लग्न केलं असतं, आणि मला करारनामा लिहायची वेळच आली नसती.

गेल्या महिन्यात आत्याला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत घेऊन गेलो. रांग तीच. फॉर्म मी भरला, सहीची जागा तिला दाखवली. 'पुनर्विवाह केलेला नाही' या ओळीपाशी तिचा पेन थांबला. मला वाटलं डोळे भरले असतील. तर ती म्हणाली, "दादा, इथं एकदा चष्मा विसरला होता माझा. त्यांनी त्यांचा दिला होता सही करायला."

मग तिने सही केली आणि आम्ही घरी आलो.

ही पोस्ट शेअर करायला हरकत नाही. कोणाच्या घरात असे दोघं असतील, तर मुलांनीच पुढाकार घेऊन त्यांना वकिलाकडे न्यावं. तुमच्या ओळखीच्या पत्रकाराकडे नेऊ नका.